उंबरठ्याबाहेरचा प्रभु

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहांत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाचा हा सप्ताह चालू आहे. याच व्यासपीठावरून वडीलधाऱ्या मंडळींनीं देवळाचा पाया कसा घातला गेला, घंटा कशी आली, वेदी कोणीं दिली हा सर्व इतिहास आपल्यापुढें मांडला. तो सांगण्याचा अधिकार त्यांचा होता, आणि त्यांनीं तो उत्तम रीतीनें बजावला. मजकडे चालकांनीं निराळें काम सोंपविलें आहे. ‘ख्रिस्ती कलेविषयीं कांहीं सांगा,’ अशी त्यांची आज्ञा. हा विषय समुद्रासारखा अफाट. घटकाभरांत त्यांतील ओंजळभर पाणीही हातीं लागावयाचें नाहीं. म्हणून मीं एकच मूर्ति निवडली आहे. ती प्राचीन नाहीं. ती घडविणारा शिल्पकार आपल्या काळांतला असून कॅनडा देशाचा रहिवासी आहे.

ही मूर्ति निवडण्याचें कारणही सांगून टाकतों. महोत्सवाचें स्मारक म्हणून देवळाच्या आवारांत कांहीं तरी उभारावें, असा विचार आपल्यांत चालू आहे. कोणी ग्रोटो म्हणतात, कोणी कमान म्हणतात, कोणी पुतळा म्हणतात. काय उभारावें हें ठरविण्यापूर्वीं, मूर्ति मुळांत कशासाठीं असते याचा विचार झालेला बरा. त्या विचाराला ही मूर्ति फार उपयोगी पडेल असें मला वाटतें.

या मूर्तीचें मूळ नांव ‘होमलेस जीझस’. आपण तिला ‘बेघर येशू’ म्हणूं. ती कशी आहे तें प्रथम ऐका. एक लांबट बांक आहे. सार्वजनिक बागेंत किंवा रस्त्याच्या कडेला असतो तसा, अगदीं साधा. त्या बांकावर एक मनुष्य अंग आंखडून निजला आहे. त्यानें डोक्यावरून एक घोंगडी इतकी ओढून घेतली आहे कीं चेहरा दिसत नाहीं, हात दिसत नाहींत. पांघरूण आंखूड पडलें म्हणजे पाय बाहेर राहतात, तसे त्याचे पाय तेवढे उघडे राहिले आहेत. बांकही ब्रॉंझचा, मनुष्यही ब्रॉंझचा, आणि त्याचें माप खऱ्या माणसाएवढें. वाटेनें जाणाऱ्याला प्रथम हेंच वाटतें कीं, कोणी दीनवाणा जीव थंडीवाऱ्यांत येथें पडला आहे. जवळ जाऊन पायांकडे नीट पाहिलें म्हणजे मात्र दोन्ही पावलांवर खिळ्यांचे व्रण दिसतात. तेवढीच काय ती खूण. प्रभामंडळ नाहीं, कांट्यांचा मुकुट नाहीं, छातीवर पेटतें हृदय नाहीं. पुनरुत्थानानंतर संत थोमाला ज्या व्रणांवरून प्रभूची ओळख पटली, त्याच व्रणांवरून येथें पाहणाऱ्याला ओळख पटते. आणि ती पटण्यासाठीं त्याला वांकावें लागतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवा. निजलेल्या मनुष्याच्या पायांशीं, बांकाच्या टोकाला, एका माणसाला बसतां येईल एवढी जागा शिल्पकारानें मुद्दाम मोकळी ठेविली आहे. त्या जागेकडे मी पुढें पुन्हा येणार आहें.

आतां शिल्पकाराविषयीं. त्यांचें नांव टिमथी श्माल्झ. त्यांचा जन्म १९६९ सालीं कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतांत एल्मायरा या गांवीं झाला. टोरोंटो येथील कलाशाळेंत ते दाखल झाले, परंतु तेथील शिक्षण त्यांनीं पुरें केलें नाहीं. ज्या काळांत पाश्चात्त्य देशांतील नामांकित कलावंतांनीं मानवी आकृतीकडे आणि विशेषतः धार्मिक विषयांकडे बव्हंशीं पाठ फिरविली होती, त्या काळांत या तरुणानें शुभवर्तमानांतील प्रसंग आणि संतांचीं चरित्रें हाच आपल्या कलेचा विषय ठरविला. त्यांची चिकाटी केवढी हें एका उदाहरणावरून कळेल. इटलीचा महाकवि दान्ते याच्या मृत्यूला २०२१ सालीं ७०० वर्षें झालीं. त्या निमित्तानें श्माल्झ यांनीं त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या १०० सर्गांवर, प्रत्येक सर्गास एक या हिशोबानें, शिल्पें घडविलीं.

बेघर येशूची कल्पना त्यांना कोठें सुचली? देवळांत नव्हे, पुस्तकांतही नव्हे. नाताळचे दिवस होते. टोरोंटो शहरांत, उघड्यावर, अंगाभोंवतीं पांघरूण गुंडाळून निजलेला एक मनुष्य त्यांच्या दृष्टीस पडला. तो कोण होता हें पांघरुणामुळें दिसत नव्हतें. आणि नेमकें त्यामुळेंच तो कोणीही असूं शकत होता. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय आपणां सर्वांना पाठ आहे. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट. यांतील जें कांहीं अत्यंत क्षुद्र मानलेल्या माणसासाठीं केलें, तें आपल्यासाठींच केलें, असें न्यायाच्या दिवशीं प्रभु सांगणार आहे. हें वचन आपण शेंकडों वेळां ऐकतों. श्माल्झ यांनीं तें शब्दशः खरें मानलें, आणि शब्दशः खरें मानल्यावर जें दिसेल तेंच घडविलें. त्याच अध्यायावर त्यांनीं इतरही मूर्ति घडविल्या आहेत. रोममध्यें सान्तो स्पिरितो या पुरातन रुग्णालयाजवळ त्यांचा एक भिकारी बसला आहे. त्यानें पुढें केलेल्या हातावर खिळ्याचा व्रण आहे.

आतां ही मूर्ति घडते कशी तेंही थोडक्यांत सांगतों, कारण तिच्या अर्थाचा कांहीं भाग तिच्या धातूंत आहे. ब्रॉंझ म्हणजे तांबें आणि कथील यांचा मिश्रधातु. आपले कांसें तें याच कुळांतलें. शिल्पकार प्रथम मातीची आकृति घडवितो. तिच्यावरून साचा घेतात. त्या साच्यांत मेणाचा पातळ थर देऊन मेणाची पोकळ मूर्ति काढतात. मग त्या मेणावर आंतून-बाहेरून, आंच सोसणाऱ्या मातीसारख्या द्रव्याचे थरावर थर चढवितात. तें कवच भट्टींत घातलें म्हणजे मेण वितळून वाहून जातें, आणि जेथें मेण होतें तेथें पोकळी उरते. त्या पोकळींत तापून रसरसलेला धातु ओततात. धातु निवला कीं कवच फोडतात, तुकडे जोडतात, कानस मारतात, आणि शेवटीं उष्णता व रसायनें यांच्या योगानें वर काळसर तपकिरी रंगाची झांक आणतात.

ही विद्या आपल्याला परकी नाहीं. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत मेणाच्या आकृतीवरून धातूची मूर्ति ओतण्याची रीति सांगितली आहे. आणि १९७४ सालीं, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें रथ हांकणारा मनुष्य, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार ओतीव धातुमूर्ति सांपडल्या. बहुतेक तज्ज्ञ त्या सिंधुसंस्कृतीच्या उत्तरकाळांतल्या मानतात. सांगण्याचा हेतु इतकाच कीं, ब्रॉंझ टिकतें. ऊन, पाऊस, हिंव सोसून तें उघड्यावर राहूं शकतें. लांकडाची किंवा प्लास्टरची मूर्ति आपल्याला छपराखालीं न्यावी लागते. बेघराची मूर्ति छपराखालीं नेली तर ती बेघराची राहीलच कशी? शिवाय, जेथें माणसांचे हात वारंवार लागतात तेथें ब्रॉंझ उजळतें व झिजतें. रोमच्या महामंदिरांत संत पेत्राची ब्रॉंझमूर्ति आहे; यात्रेकरूंच्या स्पर्शानें तिच्या पायाचीं बोटें झिजून गुळगुळीत झालीं आहेत. भक्तीचा लेख अशा रीतीनें धातूवर उमटतो.

ही मूर्ति जगांत कशी वागविली गेली, ती कथा मूर्तीइतकीच बोधप्रद आहे. श्माल्झ यांनीं ती प्रथम टोरोंटो आणि न्यूयॉर्क येथील दोन महामंदिरांना देऊं केली. दोन्ही ठिकाणीं ती स्वीकारली गेली नाहीं. अखेर २०१३ सालीं टोरोंटोच्या रीजिस महाविद्यालयानें, म्हणजे येशूसंघीयांच्या धर्मविद्यालयानें, तिला आपल्या दाराशीं जागा दिली. बेथलेहेमच्या रात्रीं जें झालें तेंच या मूर्तीच्या वांट्याला आलें, असें कोणी म्हटल्यास तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत श्माल्झ यांनीं या शिल्पाची एक लहान प्रतिकृति रोमला परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांच्यापुढें नेली. त्यांनीं मूर्तीच्या पायावर हात ठेवला, डोळे मिटले आणि प्रार्थना केली. परमगुरुस्वामींना २१ एप्रिल २०२५ रोजीं देवाज्ञा झाली. त्यांच्या कारकीर्दीचें सार सांगावयाचें झालें तर तें या एका कृतींत आलें आहे.

पुढें २०१४ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत डेव्हिडसन या गांवीं, एपिस्कोपल पंथाच्या संत आल्बन मंदिराच्या आवारांत तिची प्रत बसविण्यांत आली. सार्वजनिक कलेची आवड असलेल्या एका दिवंगत बाईंच्या स्मरणार्थ ती घेतली होती. तिला २२,००० डॉलर खर्च आला. आजूबाजूला सुखवस्तु लोकांचीं घरें. मूर्ति बसतांच एका व्यक्तीनें पोलिसांना कळविलें कीं, देवळाजवळ बांकावर कोणी बेघर मनुष्य निजला आहे. २०२० सालीं ओहायो राज्यांतील बे व्हिलेज येथेंही तोच प्रकार घडला. तेथें तर मूर्ति बसविल्यानंतर अर्धा तासही लोटला नव्हता. ज्यांनीं पोलिसांना बोलाविलें त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. त्यांनीं निदान पाहिलें तरी. आपण पुष्कळदां पाहतही नाहीं.

या मूर्तीवर तीन आक्षेप घेण्यांत येतात, आणि तिन्हींचा विचार प्रामाणिकपणें झाला पाहिजे.

पहिला आक्षेप असा कीं, येथें प्रभूचा अधिक्षेप होतो. विश्वाचा राजा, आणि त्याला भिकाऱ्यासारखा दाखवावयाचा! या आक्षेपाच्या मुळाशीं भक्ति आहे, म्हणून त्याला आदरानें उत्तर द्यावयास हवें. गव्हाणींत निजलेलें मूल आपण दरवर्षीं नाताळांत मांडतों; क्रूसावरचें उघडें शरीर आपल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर आहे. कोल्ह्यांना बिळें आहेत पण आपल्याला डोकें टेकावयास जागा नाहीं, असें प्रभु स्वतःच बोलून गेला आहे. इ. स. ७८७ मध्यें नायसिया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेनें निर्णय दिला कीं, मूर्तीला दिलेला मान ज्याची ती मूर्ति त्याला पोहोंचतो. तें खरें असेल, तर त्याची उलट बाजूही खरी आहे. ज्या मूर्तीपुढें आपण नाक मुरडतों, तें नाक मुरडणें कोणाला पोहोंचतें?

दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा. अशी मूर्ति वस्तीची शोभा घालविते, आणि रात्रीं-अपरात्रीं माणूस दचकतो. हें खरेंच आहे. परंतु वस्तीची शोभा या मूर्तीनें घालविली कीं मूर्तीनें ज्याची आठवण दिली त्या वस्तुस्थितीनें? आपल्या देशाचेंच पहा. २०११ सालच्या जनगणनेंत भारतांत सुमारे १७ लाख ७० हजार माणसें बेघर म्हणून नोंदविलीं गेलीं. मुंबईच्या पदपथावर, एस्टीच्या स्थानकावर, पुलाखालीं, डोक्यावरून चादर ओढून निजलेलीं माणसें आपण रोज ओलांडून जातों. तेथें पांघरूण धातूचें नसतें आणि पायांवर व्रण असले तर ते चालून-चालून पडलेले असतात, एवढाच काय तो फरक.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तो असा: २२,००० डॉलरांत किती घोंगड्या आल्या असत्या? आणि ज्या बांकावर एखादा खरा गरीब निजला असता, तोच बांक धातूच्या गरिबानें कायमचा अडविला नाहीं काय? सुगंधी तेलाच्या प्रसंगीं असलाच प्रश्न यहूदानें विचारला होता, असें म्हणून हा आक्षेप उडवून देण्याचा मोह होतो. पण तसें करतां येत नाहीं. कारण चौथ्या शतकांत संत योहान क्रिसोस्तोम यांनींही आपल्या प्रवचनांत हाच मुद्दा मांडला आहे. मंदिरांत ख्रिस्ताला रेशमानें सजवावें आणि दाराबाहेर तोच थंडीनें कुडकुडत असतां त्याच्याकडे पाहूं नये, ही कसली पूजा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तेव्हां आक्षेप संतांचा आहे, आणि त्याचें उत्तर शब्दांनीं देतां येणार नाहीं.

उत्तर कृतीनें कसें देतात तें रोममध्यें पाहावयास मिळतें. २०१५ च्या प्रारंभीं संत पेत्राच्या चौकांतील स्तंभमालेजवळ बेघरांसाठीं न्हाणीघरें उघडण्यांत आलीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें व्हॅटिकनच्या जवळच, येशूसंघीयांच्या एका इमारतींत, ३४ पुरुषांना रात्रीं निजतां येईल असा निवारा सुरू झाला. आणि मग २०१६ सालीं बेघर येशूची मूर्ति आली. तीही परमगुरुस्वामींच्या दानधर्म कार्यालयाच्या प्रवेशाजवळ. क्रम नीट पहा. आधीं पाणी, मग अंथरूण, आणि त्यानंतर मूर्ति. ज्या दाराशीं ती निजली आहे तें दार गरिबांसाठीं उघडणारें आहे, म्हणून तेथें ती शोभते. दार बंद असतें तर तीच मूर्ति त्या दारावरचा आरोप ठरली असती.

याच शिल्पकाराच्या दुसऱ्या एका कृतीचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. २९ सप्टेंबर २०१९ रोजीं संत पेत्राच्या चौकांत परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीं तिचें अनावरण केलें. सुमारे ६ मीटर लांबीची एक ब्रॉंझची नाव, आणि तींत खांद्याला खांदा भिडवून उभीं असलेलीं निरनिराळ्या देशांतलीं आणि काळांतलीं १४० माणसें. कोणी नाझींच्या छळांतून सुटलेला यहुदी, कोणी सीरियाच्या युद्धांतून पळालेला, कोणी दुष्काळांतून निघालेला आयरिश मुलगा; त्यांत पवित्र कुटुंबही आहे. गर्दींतून मधोमध दोन पंख वर आले आहेत. ते कोणाचे तें मात्र कळत नाहीं. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत, अनोळखी पाहुण्यांच्या रूपानें कित्येकांनीं नकळत देवदूतांचा सत्कार केल्याचें सांगितलें आहे, त्यावरून हें शिल्प सुचलें. चौकाच्या स्तंभमालेवर संतांच्या १४० मूर्ति आहेत; खालीं नावेंत माणसेंही तितकींच. हें शिल्प घडविण्यास चालना देणारे फादर मायकल चर्नी, जे पुढें लवकरच कार्डिनल झाले, ते स्वतः बालपणीं १९४८ सालीं चेकोस्लोव्हाकियांतून आईबापांबरोबर कॅनडांत निर्वासित म्हणून आले होते. त्या आईबापांच्या आकृतीही या नावेंत आहेत.

बंधुभगिनींनो, आतां आपल्या महोत्सवाकडे वळतों. ‘ज्युबिली’ हा शब्द आपण सहज वापरतों. तो इब्री भाषेंतील ‘योबेल’ या शब्दापासून आला. योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा नियम सांगितला आहे. त्या वर्षीं शिंग फुंकावें, बंधनांत पडलेल्यांना मोकळें करावें, कर्जापायीं ज्याची जमीन गेली त्याला ती परत मिळावी, आणि प्रत्येकानें आपापल्या कुळांत परत जावें. म्हणजे पन्नासावें वर्ष हें मूळचें आरास करण्याचें वर्ष नव्हे. तें घरीं परतण्याचें वर्ष आहे. ज्याला परतावयास घरच नाहीं, त्याच्याविषयीं आपण काय करणार, हा प्रश्न टाळून महोत्सव साजरा करतां यावयाचा नाहीं.

आपल्या दाराशीं असे कोण येतात, हें मला आपल्याला सांगावयास नको. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास दुष्काळी मुलुखांतून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. तान्हीं मुलें घेऊन, पाचटाच्या खोपटांत, ते थंडीचे महिने काढतात. वीटभट्ट्यांवर, इमारतींच्या बांधकामावर परप्रांतांतलीं कुटुंबें राहतात. सुनेनें-मुलानें दूर केलेली एखादी म्हातारी स्टेशनच्या बांकावर दिवस काढते. त्यांतले कांहीं आपल्या धर्माचे असतील, बहुतेक नसतील. पंचविसाव्या अध्यायांत प्रभूनें कोणाचा बाप्तिस्मा झाला होता तें विचारलेलें नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी. स्मारक अवश्य उभारा. मी मूर्तीच्या विरुद्ध नाहीं, हें आतांपर्यंत आपल्या ध्यानांत आलेंच असेल. परंतु रोमचा क्रम पाळा. आपल्या सभागृहाच्या मागील बाजूस जी पडवी आहे ती वर्षांतून कांहीं दिवस लग्नकार्याच्या भांड्यांसाठीं उपयोगीं पडते, एरव्हीं तिला कुलूप असतें. तिला एक भिंत आणि एक दार घातलें, नळ आणला, चार-सहा खाटा टाकल्या, तर थंडीपावसांत कोणा वाटसरूला रात्र काढतां येईल. तिच्या देखरेखीसाठीं आठवड्याचा एक दिवस एका वॉर्डानें घ्यावा. कमानीच्या खर्चाहून हा खर्च अधिक नाहीं. त्रास मात्र अधिक आहे, हें मी कबूल करतों. कमान एकदां बांधली कीं संपली. दार रोज रात्रीं उघडावें लागतें.

तें दार एक वर्ष नीट उघडत राहिलें, तर मग त्याच्यापुढें एखादी मूर्ति बसवा. ती ब्रॉंझचीच असावी असें नाहीं. आपल्याच एखाद्या कारागिरानें दगडांत कोरली तरी चालेल. मात्र तिच्या पायांशीं एका माणसापुरती जागा मोकळी ठेवा. ती जागा श्माल्झ यांनीं कशासाठीं ठेविली असावी, याचा मीं पुष्कळ विचार केला. मला वाटतें, प्रभूच्या मूर्तीसमोर आपण उभे राहतों, गुडघे टेकतों, तिला हार घालतों. तिच्या शेजारीं बसण्याची मात्र आपल्याला संवय नाहीं. गरिबाच्याही बाबतींत तसेंच आहे. आपण त्याला उभ्याउभ्या देतों आणि निघून जातों. त्याच्याशेजारीं बसून त्याचें नांव विचारणें हें दानाहून अवघड, आणि त्या बांकावरची रिकामी जागा तेंच मागते.

आपल्या वाडवडिलांनीं पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या पोटाला चिमटा घेऊन प्रभूसाठीं घर बांधलें. त्यांचें ऋण फेडण्याचा, ज्यांना घर नाहीं त्यांच्यासाठीं त्या घराची एक खोली उघडण्याहून अधिक चांगला मार्ग मला तरी दिसत नाहीं. समितीची पुढली सभा येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर आहे. पडवीचा प्रश्न त्या सभेपुढें ठेवावा, अशी माझी अध्यक्षमहाराजांना नम्र विनंति आहे.